एक फैर

मे महिना. काळ्या जमिनीला भेगा, भेगांत पाय जाईल इतक्या.
भुसावळच्या अलीकडची आमची चाचणीची पट्टी:
टोकाला मातीचा बांध, बांधापलीकडे कुणाची तरी केळी.

डेपोतून पेटी आली. चिठ्ठीवर होतं:
रणगाडाविरोधी बंदूक, जुनी, एक नग.
निकामी करून दर्शनी ठेवणे.
म्हणजे नळीत सळई घालून झाळायची, चाप कापायचा,
वर काळा रंग. ते माझं काम.
पण आधी एक फैर झाडायची, साहेब म्हणाले,
नोंदवहीचा रकाना रिकामा राहू नये म्हणून.

बावीस वर्षं हत्यारं खोलली, जोडली.
ही पहिल्यांदाच पाहत होतो.
उंचीला माझ्या बायकोएवढी,
वजनाला केळीचा एक भरलेला घड.
गोळ्यांचं घर वरच्या अंगाला, म्हणून नेमाची माशी
डावीकडे सरकवलेली, तिरळ्या माणसाच्या नजरेसारखी.

पॅकिंगमधला गौतम म्हणाला, आमच्या आजानं चालवलीय.
दुसऱ्या दिवशी लूनावर मागे बसवून घेऊन आला.
उखर्डू तायडे. वय शहात्तर. उजवा खांदा
डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
पेटीचं झाकण निघालं तेव्हा काही बोलला नाही.
गळ्यातलं उपरणं काढलं, चार घड्या घातल्या
आणि माझ्या सदऱ्याच्या आत, खांद्यावर, स्वतः बसवलं.

नियमानं त्याला हात लावता येत नव्हता.
मी पालथा झोपलो. तोही झोपला,
माझ्या डाव्या अंगाला, तापल्या मातीत.
साहेब नको नको म्हणेपर्यंत कोपरं रोवून मोकळा.
"नंबर दोन इथंच राह्यतो," म्हणाला.

"डाव्या हातानं मागची मूठ धर.
वढ. दावं तोडू पाहनाऱ्या म्हशीला वढतो तशी.
मधी फट ठेवली का हाड गेलं, भो.
श्वास अर्धा सोड. उरला अर्धा तिचा."

मग माझ्या डाव्या खांद्यावर थाप मारली. एकच. तयार.

आवाज कानात आला नाही, दाढांत आला.
आख्खी नळी मागे सरकली, परत गेली,
आणि त्या सरकण्यातून जे उरलं ते माझ्यात घुसलं.
धूळ अशी उठली की बांध नाही, केळी नाही, साहेब नाही.
मी मान वर काढणार, तर त्याचा पंजा
माझ्या मानेवर. दाबून धरलेली.
"एक," तो म्हणाला. "दोन. तीन."
सातपर्यंत मोजलं. मग पंजा उचलला.

कशाला, बाबा?

"बुरूज आपल्याकडं फिरतो का, ते पाह्याचं.
सातपर्यंत नही फिरला तर दुसरी झाडायची."
थोड्या वेळानं, धुळीकडे बघत:
"दोधू कोळी तीनलाच उठला."

पोलादी पत्र्यापाशी चालत गेलो. भोक नव्हतं.
अंगठा बसेल एवढी खळगी, भोवती शिशाचा पांढरा फराटा.
त्यानं अंगठा घातला, भाजला, काढला नाही.
"तवाबी एवढंच," म्हणाला, आणि इतका हसला
की गौतमला पाणी आणावं लागलं.
वाळवंटात, मग, ते गाडे चालत येताना
हा फराटा बघत होते दोघं? विचारलं नाही.

रिकामं काडतूस देऊ केलं. नको म्हणाला.
उपरणं मात्र मागून घेतलं, झटकून गळ्यात टाकलं.

रात्री बायकोनं हळद-मीठ गरम करून बांधलं.
उजवा खांदा वांग्याच्या रंगाचा झाला होता,
भाकरी मोडायला डावा हात.
नोंदवहीत लिहिलं: एक फैर. कार्यस्थितीत.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.

सोमवारी नळीत सळई घातली. झाळायच्या आधी
का कोण जाणे, थांबलो,
आणि सातपर्यंत मोजलं.